तीन जिभांचा हंडा

टक्. टक्. टक्.

माझ्या आयुष्यातला हा पहिला आवाज. साच्याची माती फोडून मला बाहेर काढलं होतं, अंग अजून कोमट होतं, आणि तोकुजी ओताऱ्यानं बोटाचं पेर वाकवून माझ्या कुशीवर तीनदा वाजवलं. मग कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. बायकोला म्हणाला, "आहे गं. याच्या पोटात आवाज आहे."

मी लोखंडी हंडा बोलतोय. मात्सुए गावचा, चहाचं पाणी तापवायचा हंडा. किटली म्हणू नका. किटलीला चोच असते, दांडी असते, ती घरभर हिंडते. मी बसलो की बसलो. शेगडीवर बसतो आणि पाणी माझ्यातून पळीनं काढून घेतात. मी शिकलेला नाही, लिहिता-वाचता येत नाही. पण नव्वदी ओलांडलीय, आणि एवढ्या वर्षांत माणसं बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. हळूहळू सांगतो. पाणी घाईनं उकळलं तर चहासुद्धा बिघडतो.

माझं लोखंड इझुमोच्या डोंगरातलं. तिथल्या नद्यांत काळी वाळू सापडते. ती कोळशाबरोबर तीन दिवस आणि तीन रात्री भाजायची, तेव्हा कुठं लोखंड हाती लागायचं. माझ्या जन्माच्या आधीच त्या भट्ट्या बंद पडल्या होत्या. तोकुजीनं जुना साठा भाताच्या पोत्यासारखा जपून ठेवला होता, त्यातला चांगला गोळा माझ्यासाठी काढला. माझं अंग लिंबाच्या सालीसारखं खरबरीत, आणि खांद्यावर एक वाकडं पाइनचं झाड उठवलेलं.

पण पोटात आवाज असणं वेगळं आणि तो बाहेर पडणं वेगळं. माणसांचंही तसंच असतं, हे मला पुढं कळलं. तोकुजीनं लोखंडाचे नखाएवढे तीन पातळ पत्रे घेतले, झाडाच्या चिकात लोखंडाची पूड कालवली आणि ते माझ्या तळाला आतून चिकटवले.

"या तुझ्या जिभा," तो म्हणाला.

पाणी तापलं की त्या जिभांच्या खालून बुडबुडे धडपडत निघतात आणि आवाज होतो. चुलीवरच्या भांड्याची खदखद नव्हे ती. दूरच्या पाइनच्या झाडांतून वारा जावा तसा आवाज. आधी एका झाडातून, मग सगळ्या रांगेतून.

मला बनवून घेतलं गेन्झो काजितानीनं. तो सरदार नव्हता की व्यापारी नव्हता. शिंजी सरोवरात होडी घालून लांब दांड्याच्या पंजानं शिंपले काढणारा माणूस. तो मला घ्यायला आला तेव्हा ओताऱ्यांच्या आळीत लोक हसले.

"गेन्झो, शिंपले उकडायला एवढा नक्षीचा हंडा?"

"हो तर," गेन्झो म्हणाला. "शिंपले उकडले की तोंड उघडतात. तुझं मिटतं का ते बघायचंय."

तोकुजीनं त्याच्यासमोर मला शेगडीवर ठेवलं. पाणी तापलं, मी पहिल्यांदा बोललो. गेन्झोच्या हाताला सरोवरातल्या चिखलाचा वास होता. ते हात त्यानं मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाला, "हे तर आपल्या धक्क्याजवळचे पाइन." पुढं काही बोलला नाही. खरं ऐकणारा माणूस असा गप्प होतो, हे मी तेव्हाच शिकलो.

निघताना तोकुजीनं त्याला बजावलं, "आतून घासायचं नाही. तांबडा गंज दिसला तरी घासायचं नाही. काम झालं की गरम असतानाच पाणी ओतून टाक. तो आपल्याच उबेनं वाळतो."

आमच्या गावाची एक गोष्ट सांगायला मला फार आवडतं. मात्सुएत दहा वाजता आणि तीन वाजता सगळे चहा घेतात. हिरव्या भुकटीचा, फेसाळ चहा. सुतार रंधा खाली ठेवतो, कोळीण टोपली उतरवते. आणि शेजाऱ्याला बोलवायचं तर "चहाला या" म्हणत नाहीत. "आज हंडा चढवलाय" म्हणतात. बघा! वाडगा कितीही महागाचा असो, चहा फेसायची घुसळणी कितीही नाजूक असो, नाव माझं. पाहुणा खोलीत आला की आधी भिंतीवरच्या चित्राला वाकतो, मग शेगडीपाशी येऊन मला. शिंपलेवाल्याच्या घरचा असलो तरी वाकणं तेवढंच.

पुढं लढाई आली. गेन्झोला नेलं. तो परत आला नाही. मग तोफांसाठी लोखंड न्यायला माणसं येऊ लागली. देवळाची घंटा गेली, पुलाचे कठडे गेले. गेन्झोची बायको तोमे, तिनं खिडकीचे गज दिले, भाताची कढई दिली, होडीचा नांगरसुद्धा दिला. यादीवाला माणूस दारात उभा राहून म्हणाला, "तोमेबाई, तुमच्याकडे चहाचा हंडा होता म्हणतात."

"होता. फार बडबड करायचा. दिला हाकलून."

"कुठं?"

"बडबड करणारे कुठं जातात? गेला असेल तुमच्या कचेरीत."

मी तेव्हा होडीत होतो, दोन टोपल्या शिंपल्यांच्या खाली. त्या ओल्या अंधारात मला भीती वाटली नाही. एका विधवेनं माझ्या आवाजासाठी सरकारशी खोटं बोलावं! माझ्या लोखंडाला तेव्हा जो ताठा आला, तो अजून गेलेला नाही.

तोमेची जीभ माझ्या तिन्ही जिभांपेक्षा तिखट. भातात एक खडा निघाला तर तीन दिवस बोलायची. अशा घरात नोबुए सून होऊन आली.

नोबुए एकवीस वर्षांची, समुद्राकाठच्या मिहोनोसेकीची. तिच्या माहेरी भांडी किनाऱ्यावरची वाळू आणि पेंढ्याचा कुंचा घेऊन घासत. भांड्यात तोंड दिसलं नाही तर मुलीला वळण नाही म्हणत. तिच्या नवऱ्याचं नाव इकुओ, तोमेचा एकुलता एक मुलगा. स्वभावानं गरीब. बापासारखा शिंपले काढायचा आणि आईसमोर शिंपल्यासारखाच मिटून असायचा.

सून आली त्या वर्षी गेन्झोच्या आठवणीचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी शेजारी चहाला यायचे होते. तोमे फुलं घेऊन देवळात गेली, आणि नोबुएनं माझं झाकण उघडून आत पाहिलं. आत तांबडा गंज होता. तोंडावर हात नेऊन ती म्हणाली, "अगबाई! एवढा मानाचा हंडा, आणि पोटात ही घाण!"

सासूनं घरी आल्यावर एकदा तरी बरं म्हणावं, एवढीच तिची इच्छा. तिनं माहेरून आणलेली वाळू काढली, कुंचा काढला, बाह्या बांधल्या आणि मला घासायला बसली. फार मनापासून घासलं हो तिनं. हात लाल झाले. गाणं गुणगुणत होती. पहिली जीभ निघाली तेव्हा तिला वाटलं, गंजाची खपली निघाली. दुसरी निघाली तेव्हा म्हणाली, "सुटतोय, सुटतोय." तिसरी निघाली, आणि तिनं सगळं गढूळ पाणी मोरीत ओतलं.

मला दुखलं नाही. पण तेवढ्यात मला गेन्झोचे मांडीवर ठेवलेले हात आठवले.

दुसऱ्या दिवशी हंडा चढला. पाहुणे बसले. समोर फुकुमा गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, गावात मानाचे, म्हणून मुख्य पाहुणे तेच. पाणी तापलं. वाफ निघाली. आणि आवाज नाही. तळाशी थोडं खदखदलं, चुलीवरच्या कोणत्याही भांड्यात खदखदतं तसं. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. आमच्याकडे अशा वेळी कुणी कुणाकडं पाहत नाही.

चहा झाल्यावर मुख्य पाहुण्यानं हंड्याच्या आवाजाबद्दल दोन शब्द बोलायचे, ही रीत. फुकुमा गुरुजींना वर्षभरापासून ऐकूच येत नव्हतं. हे ते कुणाला सांगत नव्हते, आणि सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजी मान डोलावून म्हणाले, "वा! आज वारा जरा जोरात आहे."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. "हो हो, फारच जोरात," सुतार म्हणाला. "माझ्या तर अंगावर काटा आला," त्याची बायको म्हणाली.

तोमे म्हणाली, "तुमच्या कानांचं कौतुक आहे, गुरुजी."

पाहुणे गेले. तोमेनं दिवा जवळ आणून माझ्या पोटात पाहिलं. तळाला तीन फिकट खुणा होत्या. बराच वेळ ती पाहत राहिली. नोबुए मागं उभी होती, भिंतीला चिकटून.

तोमे एवढंच म्हणाली, "लख्ख निघालाय."

भातातल्या खड्यासाठी तीन दिवस बोलणारी बाई. तिसरा शब्द बोलली नाही, ओरडली नाही, कपाळावर हात मारला नाही. संध्याकाळी इकुओनं बायकोला जिभांची गोष्ट सांगितली, आणि नोबुएचा चेहरा राखेसारखा झाला. "लख्ख निघालाय" हा शब्द तिच्या मनात काट्यासारखा मोडून बसला. आईंनी टोमणा मारला, तिला वाटलं. एवढा मोठा राग की शिवीतसुद्धा मावला नाही.

आता मी पाहिलेलं सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नोबुए बाजारात गेली होती. तोमेनं शिंपले चाळायची बांबूची चाळण घेतली, मोरीच्या तोंडाशी उकिडवी बसली आणि चिखल चाळू लागली. पन्नाशीची बाई, कोपरापर्यंत हात काळे. तिन्ही जिभा सापडल्या. तिनं त्या धुतल्या, पुसल्या, कागदात बांधल्या. कागदावर काहीतरी लिहिलं, सावकाश, मुळाक्षरं गिरवल्यासारखं. मग माळ्यावरून माझी लाकडी पेटी काढली, तळाची गादी उचलली, पुडी खाली ठेवली, गादी परत बसवली.

दुपारी तोमे शिंपले विकायला गेली. तेव्हा नोबुए तीच चाळण घेऊन त्याच मोरीशी बसली. संध्याकाळपर्यंत चाळत होती. तिला काही सापडलं नाही. चाळण ओली कशी, हेही तिला कळलं नाही.

मी शेगडीवर बसून दोघींना पाहत होतो. ओरडून सांगायला हवं होतं, आणि त्याच दिवशी माझ्या तोंडात जीभ नव्हती.

तुम्ही म्हणाल, तोमेनं मला ओताऱ्याकडं का नाही नेलं? नेलं असतं तर तोकुजीनं विचारलं असतं, जिभा कशा गेल्या. त्याच्या आळीत एक शब्द पडला की गावभर घंटा वाजते. काजितानींच्या सुनेनं मानाचा हंडा मुका केला! अशी गोष्ट आमच्या गावात नातवंडांना पुरते. म्हणून तोमे गप्प. आणि सासू गप्प, म्हणून सून गप्प.

हंडा मात्र रोज चढत होता. गुरुजी जिवंत होते तोवर येत राहिले, आणि दर वेळी म्हणत, "वारा सुरेख आहे." घरी जाऊन वहीत लिहूनही ठेवत. ते गेल्यावर दुसरे पाहुणे तेच म्हणू लागले. नवीन लोक आले, त्यांना वाटलं, आपल्यालाच ऐकू येत नाही, मग तेही तेच म्हणू लागले. मी मुका, आणि माझ्या आवाजाची कीर्ती दर वर्षी वाढत होती! हसू येतं का? मलाही आलं असतं, पण प्रत्येक वेळी कोपऱ्यात बसलेली नोबुए मान खाली घालायची. वाडगे पुसायची. पुसलेलेच परत पुसायची.

एवढं मात्र खरं, की माझी सेवा तिच्यासारखी कुणी केली नाही. त्या दिवसानंतर आतून एकदाही हात लावला नाही. गरम असताना पाणी ओतायची, वाळेपर्यंत जवळ बसायची. माझं अंग आज जे काळंभोर, शांत दिसतं ना, ते तिच्यामुळं.

तोमे ऐंशी वर्षांची होऊन गेली. शेवटच्या दिवसांत तिची गादी माझ्या शेगडीजवळच घातली होती. एका सकाळी तिनं डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं.

"नोबुए, काही विचारायचंय का तुला?"

नोबुएचे ओठ हलले. मी लोखंडाचा, तरी माझ्या अंगावर शहारा आला. विचार गं, विचार.

"नाही, आई," नोबुए म्हणाली. "पाणी देऊ का थोडं?"

"दे," तोमे म्हणाली.

दोन दिवसांनी ती गेली.

नंतरची तीस-पस्तीस वर्षं लवकर गेली. इकुओ गेला. मुलगा ओसाकाला राहायला गेला. नोबुए पंचाऐंशीची झाली, पळी उचलताना हात थरथरू लागला. तेव्हा तिनं सरोवराकाठच्या संग्रहालयात निरोप धाडला, की हंडा घेऊन जा, आधी मांडा, मग कायमचा ठेवून घ्या. मला पुसताना माझ्याशी बोलली, "काचेत बरा तू. काचेतल्या हंड्याला कुणी बोल म्हणत नाही."

मला घ्यायला मिनागावा आली. संग्रहालयात वस्तू मांडायचं काम करणारी, तिशीतली, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक केसांत खोचलेला. तिनं आधी मला वाकून नमस्कार केला, मग नोबुएला. तेव्हाच मला ती आवडली.

"आजी, याची पेटी आहे का?"

"माळ्यावर आहे कुठंतरी. पेटी कशाला? ती तर जुनी, कीड लागलेली."

"पेटीशिवाय हंडा म्हणजे आडनावाशिवाय माणूस, आजी."

संग्रहालयात मोठं प्रदर्शन होतं. चिनी चित्रं आणि चहाची भांडी एकत्र मांडली होती. पूर्वी चहाच्या खोलीत ही दोन्ही शेजारी असत, म्हणून. मला मांडलं ते एका चिनी चित्राच्या बरोबर समोर. पाचशे वर्षांचं चित्र, नुसत्या काळ्या शाईचं. कडा, कड्यावर वाकलेले पाइन, खाली पूल, आणि पुलावर काठी टेकून थांबलेला एवढासा म्हातारा. तो वारा ऐकतोय. लोक त्याच्यासमोर उभे राहत आणि म्हणत, "अहाहा, कानात वारा शिरतो बघ."

खोटं कशाला बोलू, मला जळफळाट झाला. कागद आणि शाई, आणि त्यातून वारा ऐकू येतो! मी खरा आवाजाचा हंडा, आणि समोर मुका बसलेलो. पण राजवाड्यातून आलेल्या चित्रासमोर शिंपलेवाल्याचा हंडा मांडलाय, हेही दिसत होतं. डाव्या बाजूला एका जहागीरदाराचा वाडगा होता, उजव्या बाजूला देवळातली चहाची डबी. मी मध्ये. गेन्झो, बघतोस का?

दुसऱ्या दिवशी नोबुए आली. चांगला किमोनो, हातात काठी. माझ्यापाशी उभी राहून तिनं माझ्याखालची पाटी वाचायला सुरुवात केली. हळू, ओठ हलवत. "काजितानी घराण्याचा हंडा. पाइनमधल्या वाऱ्यासारख्या आवाजासाठी गावात प्रसिद्ध." मिनागावानं ते फुकुमा गुरुजींच्या वहीतून घेतलं होतं. बहिऱ्या माणसाच्या वहीतून!

नोबुएनं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मिनागावा धावत आली.

"आजी, बसता का? खुर्ची आणू?"

"ही पाटी काढ."

"काही चुकलं का? नाव चुकलं?"

"सगळं चुकलंय. हा हंडा मुका आहे. मी केला मुका. चौसष्ट वर्षं झाली. मी त्याला आतून घासला." मग आवाज बारीक झाला. "आई मला त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. एक शब्दसुद्धा नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं गं."

तिनं हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं. सांगितलं ते एका परक्या पोरीला, भर प्रदर्शनात, शाळेच्या सहलीसमोर. मिनागावानं खुर्ची आणून तिला बसवलं. दिलासा देत बसली नाही. म्हणाली, "आजी, माझंच चुकलं. मी हंड्यात डोकावले नाही आणि वही वाचून लिहिलं. आता सगळं नीट बघते. पेटीसकट."

ती पेटी घेऊन आली. टेबलावर पांढरं कापड घातलं, झाकण उघडलं, आतला कागद काढला, आणि शेवटी तळाची गादी उचलली.

पुडी तिथंच होती.

मिनागावानं ती उघडली नाही. दोन्ही हातांवर घेऊन नोबुएपुढं धरली. नोबुएनं कागद सोडला. आत तीन काळ्या जिभा. कागदावरचं अक्षर तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आईंचं." तिचा चष्मा धुरकटला होता, म्हणून मिनागावानं वाचून दाखवलं. तेव्हा मलाही पहिल्यांदा कळलं, त्या सकाळी तोमे काय गिरवत होती ते.

"नोबुएनं हंडा लख्ख घासला. या घरात इतक्या मनापासून कुणी काही घासलं नव्हतं. जिभा तिच्या आहेत. ती विचारील तेव्हा द्यायच्या. आपण होऊन द्यायच्या नाहीत, तिला वाईट वाटेल."

नोबुएनं कागद परत आपल्या हातात घेतला. मग हसली. हसता हसता तोंडावर पदर धरावा तशी किमोनोची बाही धरली.

"मी विचारीन म्हणून त्या थांबल्या," ती म्हणाली, "आणि त्या बोलतील म्हणून मी."

"आता काय करायचं, आजी?" मिनागावानं विचारलं. "पुडी तशीच ठेवायची असेल तर तशीच मांडू. तीही पाहण्यासारखी आहे."

"मांडू नकोस. आईंनी मांडायला नाही दिल्या." तिनं डोळे पुसले. "ओताऱ्यांच्या आळीत कुणी उरलंय का गं?"

तोकुजीचा नातू सेइजी उरला होता, सत्तरीचा. त्यानं मला मांडीवर घेतलं, पोटात पाहिलं, आणि बोटाचं पेर वाकवून माझ्या कुशीवर वाजवलं. टक्. टक्. टक्. आजोबाचाच हात.

"आवाज आहे पोटात," तो म्हणाला. "कुणी हो घासला हा?"

"मी," नोबुए म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

"जोर चांगला होता."

"मिहोनोसेकीची आहे मी."

"मग बरोबर. तिथले लोक बोटीसुद्धा घासून बारीक करतात."

तिघंही हसले. मी माझ्या चौसष्ट वर्षांकडं पाहिलं आणि मनात म्हटलं, एवढंच होतं का हे?

सेइजीनं जुन्याच जिभा जुन्याच खुणांवर बसवल्या. चीक वाळायला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस माझी जागा रिकामी होती, आणि मिनागावानं तिथं नवी पाटी ठेवली होती. सेइजीनं ती मला सांगितली: "हंडा बोलायला गेला आहे. परत येईल."

आता मी संग्रहालयाचाच आहे. नोबुएनं मला दिलं, पण एक अट घातली. वर्षातून एकदा, गेन्झोच्या दिवशी, हंडा चढवायचा. बाकीचे दिवस मी काचेत असतो आणि समोरच्या चित्रातल्या म्हाताऱ्याकडं बघतो. आता त्याचा राग येत नाही. आम्ही दोघंही वारा सांभाळतो, तो शाईत, मी पोटात. तुम्ही कधी आलात तर या माझ्यापाशी. उगाच वाहवा करू नका, ती मी पुष्कळ ऐकली. आणि तुमच्या घरी एखादी चूक अशीच मुकी होऊन बसली असेल तर विचारून टाका हो. कधी कधी समोरचं माणूस पुडी घेऊनच बसलेलं असतं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी माझी काच उघडली. संग्रहालयाच्या बागेत, सरोवराकडं तोंड करून एक छोटी चहाची खोली आहे, तिथं मला नेलं. मिनागावानं शेगडी पेटवली. सेइजी आला होता, नोबुएचा मुलगा ओसाकाहून आला होता, शेजारच्या सुताराची सून आली होती. मुख्य पाहुण्याच्या जागी नोबुए बसली. आयुष्यभर ती कोपऱ्यात वाडगे पुसत बसली होती. त्या जागेवर ती पहिल्यांदाच बसत होती.

पाणी तापू लागलं. आधी तळाशी खेकड्याच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आले. मला भीती वाटली. चौसष्ट वर्षं न बोललेला मी. काय निघेल, काही निघेल की नाही? मग पहिल्या जिभेखालून एक बुडबुडा सुटला. दुसरीखालून. तिसरीखालून. दूर कुठंतरी एका झाडातून वारा गेला. मग शेजारच्या झाडातून. मग धक्क्यावरच्या सगळ्या रांगेतून.

सगळे थांबले होते. रीतीप्रमाणं मुख्य पाहुण्यानं आता बोलायचं होतं, "वारा सुरेख आहे." सुताराची सून पुढं झुकून वाट पाहत होती. तीन शब्द, गेल्या चौसष्ट वर्षांत माझ्यासमोर हजारदा म्हटलेले.

नोबुएनं हात मांडीवर ठेवले होते. डोळे मिटले होते. चहा झाला, वाडगा खाली ठेवला, तरी ती तशीच बसून होती. मग तिनं दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि भिंतीवरच्या चित्राला नाही, मला वाकून नमस्कार केला. सावकाश उठली. काठी घेतली. सरकतं दार उघडलं, आणि सरोवराकडच्या वाटेनं, मागं न बघता, एक शब्दही न बोलता निघून गेली.